सदोष मनुष्यवध, प्रक्षोभ आणि शिक्षेचे माप

न्यायालयाचा निकाल हा वाङ्मयप्रकार नव्हे, हे कोणीही मान्य करील. तथापि तो गद्य असतो, त्यात घटनांचे निवेदन असते, पात्रे असतात, काळाचा क्रम असतो आणि या सर्वांतून एका माणसाच्या आयुष्याची किती वर्षे तुरुंगात जावीत याचा हिशेब निघतो. कथनशास्त्राच्या अभ्यासकांनी कादंबरी, आख्यान, चरित्र यांचा जितका विचार केला तितका या गद्याचा केलेला नाही. प्रस्तुत लेखात फौजदारी कायद्याच्या एकाच कोपऱ्याचा विचार करावयाचा आहे. एखाद्याच्या हातून माणूस मरतो, पण न्यायालय त्याला खुनी ठरवीत नाही. अशा वेळी शिक्षा ठरविताना अपराधाचे गांभीर्य कमी करणाऱ्या परिस्थितीचे वजन कसे केले जाते, हा तो प्रश्न होय.

प्रथम संज्ञा. मराठी कायदेग्रंथांत या अपराधाला ‘सदोष मनुष्यवध’ म्हणतात; हिंदीत ‘आपराधिक मानव वध’ अशी संज्ञा आहे. मूळ कलम एकच असले तरी मराठी शब्दाचा भर दोषावर आहे आणि हिंदी शब्दाचा अपराधावर. दोष कमीअधिक असू शकतो, त्याला अंश असतात. अपराध एक तर असतो किंवा नसतो. मराठी भाषांतरकाराच्या मनात हा विचार होता की नाही कोण जाणे, पण कायद्याची रचना पाहता मराठी शब्दच अधिक नेमका आहे असे म्हणावे लागते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील २९९ व्या कलमात सदोष मनुष्यवधाची व्याख्या होती, ३०० व्या कलमात त्यापैकी कोणता वध खून ठरतो हे सांगितले होते, आणि त्याच कलमाच्या पाच अपवादांत खुनाच्या कक्षेतून बाहेर पडणारे प्रसंग दिले होते. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका खटल्यात हे नाते ‘जाति’ आणि ‘उपजाति’ या तर्कशास्त्रीय परिभाषेत मांडले: सदोष मनुष्यवध ही जाति, खून ही तिची उपजाति. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हीच कलमे अनुक्रमे १०० व १०१ या क्रमांकांनी आली आहेत आणि शिक्षेचे जुने ३०४ वे कलम आता १०५ वे झाले आहे.

शिक्षेच्या कलमाचे दोन भाग आहेत. मारण्याचा, अथवा मृत्यू संभवेल अशी इजा करण्याचा उद्देश असेल तर पहिला भाग: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास. उद्देश नव्हता, पण आपल्या कृत्याने मृत्यू संभवतो याची जाणीव होती, तर दुसरा भाग: कमाल दहा वर्षे. खुनाला मात्र मृत्युदंड किंवा जन्मठेप याखेरीज तिसरी वाट नाही. म्हणजे खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यामधली रेषा ओलांडताच न्यायाधीशाच्या हाती एक फार मोठे मोकळे मैदान येते. जुन्या संहितेत तर या मैदानाला खालची सीमाच नव्हती. एक दिवसापासून जन्मठेपेपर्यंत कोणतीही शिक्षा देणे शक्य होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. सौम्यकारी परिस्थिती या कायद्यात दोन दारांनी प्रवेश करते. पहिले दार व्याख्येचे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, स्वसंरक्षणाच्या हक्काची सद्भावनेने ओलांडलेली मर्यादा, लोकसेवकाचा कर्तव्य बजावताना झालेला अतिरेक, पूर्वयोजनेशिवाय उसळलेले भांडण, आणि अठरा वर्षांवरील व्यक्तीने स्वतःच्या मृत्यूला दिलेली संमती, हे पाच अपवाद म्हणजे कायद्यानेच आधी तोलून ठेवलेली परिस्थिती. दुसरे दार शिक्षेच्या सुनावणीचे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी स्वतंत्र सुनावणी नव्हती. १९७३ च्या संहितेने २३५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात ती आणली. दोषी ठरविल्यानंतर शिक्षेबद्दल आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक झाले, आणि १९७६ साली पंजाबातील संता सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी गाळल्यास शिक्षा टिकत नाही असे ठरविले. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद २५८ व्या कलमात कायम आहे.

पहिल्या दाराची कथा मेकॉलेपाशी सुरू होते. त्याच्या आयोगाने १८३७ साली संहितेचा मसुदा सादर केला. त्याला जोडलेल्या टिपणांत प्रक्षोभाविषयी जे विवेचन आहे ते आज वाचताना वसाहतकालीन समाजचित्रणाचा एक उतारा वाचल्यासारखे वाटते. शारीरिक मारापेक्षा अपमान अधिक झोंबू शकतो हे पटविण्यासाठी त्याने उदाहरणे घेतली ती धर्मनिष्ठ मुसलमानासमोर झालेल्या धर्मनिंदेची, जातीतून भ्रष्ट केलेल्या उच्चकुलीन रजपुताची, प्रतिष्ठित स्त्रीच्या झाकलेल्या पालखीत डोके घालणाऱ्या उद्धट माणसाची. क्रोध ही मानवी प्रकृतीची दुर्बलता आहे आणि कायद्याने तिला काही सवलत द्यावी, हे तत्त्व उदारच आहे. परंतु उदाहरणांतला माणूस पाहा. तो कुलीन आहे, पुरुष आहे, आणि त्याचा मान त्याच्या स्थानाशी बांधलेला आहे. ज्याला मानच नाकारलेला होता त्याचा अपमान या यादीत कोठे बसतो?

संहितेतील दृष्टांतांकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य वळावे. ‘अ’, ‘ब’ आणि ‘ज्ञ’ अशी नावे धारण करणारी ही माणसे दोनतीन वाक्यांत जगतात आणि मरतात. एकजण खड्ड्यावर काटक्या व हिरवळ पसरतो. दुसरा ती घट्ट जमीन समजून पाय ठेवतो. एकजण चोरण्यासाठी कोंबडीवर गोळी झाडतो आणि झुडपामागचा माणूस मरतो. प्रक्षोभाच्या अपवादाखालचा शेवटचा दृष्टांत तर फारच मार्मिक आहे. एकाने दुसऱ्याला मारले. मार खाणारा संतापाने बेभान झाला. त्या संतापाचा फायदा घेण्यासाठी जवळ उभ्या असलेल्या तिसऱ्याने त्याच्या हातात सुरा ठेवला. वध करणारा बेभान माणूस कदाचित केवळ सदोष मनुष्यवधाचा धनी होईल, पण शांत डोक्याने सुरा देणारा खुनी ठरेल. एकच मृत्यू, एकच शस्त्र, आणि दोन निराळे अपराध. कारण कायदा येथे हात पाहत नाही, मनाची स्थिती पाहतो.

मनाची स्थिती पाहायची कशी? ती कृतींवरून, आणि कृतींच्या मधल्या वेळावरून. नाणावटी खटला मराठी वाचकाला वृत्तपत्रांतून, नाटकसिनेमांतून पुरेसा परिचित आहे. त्याचे कायदेशीर सार मात्र त्या मानाने थोड्यांना ठाऊक असते. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील अधिकारी कावस नाणावटी याने पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालपत्रात प्रक्षोभाची कसोटी स्पष्ट केलेली आहे. आरोपीच्या समाजस्तरातील समंजस माणूस त्याच परिस्थितीत सापडला असता तर तो आत्मसंयम गमावता काय, हे पाहावे. शब्द आणि हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात. मृताच्या आधीच्या वर्तनाने तयार झालेली मानसिक पार्श्वभूमी विचारात घ्यावी. आणि घाव हा त्या आवेगातूनच आलेला असावा, आवेग निवळून विचाराला अवसर मिळाल्यानंतरचा नसावा.

निर्णय फिरला तो या शेवटच्या कसोटीवर. आरोपी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाला, पत्नीला व मुलांना चित्रपटगृहापाशी सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्वर व गोळ्या घेतल्या, आहुजाच्या कचेरीत चौकशी केली आणि मग त्याच्या घरी गेला. वध झाला चार वाजून वीस मिनिटांच्या आसपास. सुमारे तीन तासांच्या या हालचालींत न्यायालयाला संयम दिसला. ज्यूरीने आणि मुंबईतल्या एका गाजत्या इंग्रजी साप्ताहिकाने त्याच दुपारची कथा एका अपमानित पतीच्या अखंड आवेगाची कथा म्हणून वाचली होती. घटना त्याच होत्या. न्यायालयाने त्या वेगवेगळ्या कृती म्हणून मोजल्या, लोकांनी त्या एका लाटेप्रमाणे अनुभवल्या. १९६४ साली महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि नाणावटी सुटला. म्हणजे ज्या परिस्थितीला न्यायालयाच्या तराजूत वजन मिळाले नाही, तिला राजभवनात मिळाले. या माफीला आरोपीचे सामाजिक स्थान कारणीभूत नव्हते असे म्हणणे फार भाबडेपणाचे होईल.

‘अचानक’ हा शब्द असा कळीचा आहे. जो ताबडतोब उसळून वार करू शकतो त्याच्यासाठी हा अपवाद घडविलेला आहे. वर्षानुवर्षे मार खाणारी, जाच सोसणारी स्त्री बहुधा त्या क्षणी प्रतिकार करू शकत नाही. तिच्या मनात साचत जाते, आणि ज्या दिवशी ते फुटते त्या दिवशीचे निमित्त अगदी क्षुल्लक असू शकते. इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया हिच्या प्रकरणाने हा प्रश्न पुढे आला. १९८९ मधील कृत्याबद्दल तिला झालेली खुनाची शिक्षा १९९२ मध्ये रद्द झाली. पण त्याच्याही आधी, १९८९ साली, मद्रास उच्च न्यायालयाने हा प्रश्न हाताळला होता आणि भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला विशेष आस्था वाटावी अशा रीतीने हाताळला होता.

स्वयंबुक्कनी या स्त्रीचे ते प्रकरण. घरच्या छळाला कंटाळून तिने मुलांसह विहिरीत उडी घेतली. मुले बुडाली, ती वाचली आणि खुनाची आरोपी झाली. न्यायमूर्ती डेव्हिड अन्नूसामी यांनी मान्य केले की, संहितेतील अचानक प्रक्षोभ आणि दीर्घकाळ साचत गेलेला प्रक्षोभ यांत ‘प्रक्षोभ’ हा शब्द सोडला तर समान काही नाही. तरीही संहितेच्या कर्त्यांना अपेक्षित असलेली न्यायालयीन भर म्हणून ‘सातत्यपूर्ण प्रक्षोभ’ हा नवा अपवाद स्वीकारला पाहिजे. या मनःस्थितीला तमिळ लोकगाथेतील नल्लतंगाळचे नाव पडले, आणि ‘नल्लतंगाळ लक्षणसमुच्चय’ ही संज्ञा पुढील निकालांत रूढ झाली.

नल्लतंगाळची गाथा तमिळनाडूत घरोघर माहीत आहे. दुष्काळाने गांजलेली ही स्त्री सात लेकरांना घेऊन भावाच्या घरी येते. भाऊ घरी नसतो. भावजय दार लावून घेते, अन्न नाकारते, अपमान करते. अखेर नल्लतंगाळ एकेक करून सातही मुलांना विहिरीत लोटते आणि मागोमाग स्वतः उडी घेते. जात्यावरच्या ओव्यांतली माहेरची ओढ आणि भावजयीचा तुटकपणा ज्याने ऐकला आहे त्या मराठी वाचकाला या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गाथेच्या श्रोत्यांनी नल्लतंगाळला खुनी कधीच मानले नाही. तिचे गाणे झाले, तिचे देऊळ झाले. पिढ्यान्पिढ्या गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी जो निवाडा करून ठेवला होता, तो न्यायालयाने जणू पुरावा म्हणून दाखल करून घेतला. आयोगाच्या टिपणातील पालखीच्या आणि रजपुताच्या उदाहरणांनी ज्या मनाला जागा दिली नव्हती, त्याला एका लोकगाथेने जागा मिळवून दिली.

तथापि या संज्ञेचे कौतुक करताना एक शंका मनात ठेवावी. गाथेतली नल्लतंगाळ मरते. न्यायालयासमोर उभी असते ती जिवंत राहिलेली बाई. गाथा तिला एका आदिरूपात गोठवते, आणि त्या आदिरूपाशी जिचे वर्तन जुळते तिला करुणा मिळते. जी बाई विहिरीकडे जाण्याऐवजी छळणाऱ्या नवऱ्याकडे वळली, तिला हे नाव सहज लागू पडत नाही. २०१३ साली गौहाटी उच्च न्यायालयाने मंजू लाक्रा हिच्या प्रकरणात नेमका हा टप्पा गाठला. सतत मार खाणाऱ्या पत्नीच्या हातून नवऱ्याचा मृत्यू झाला होता. मद्रासच्या तत्त्वाचा आधार घेत न्यायालयाने अपराध खुनावरून खाली आणला. तमिळ गाथेतून निघालेले एक तत्त्व आसामातील एका झोपडीपर्यंत पोहोचले. तुलनात्मक साहित्यात प्रभावांचे जे प्रवास आपण शोधतो त्यांत हाही एक धरायला हरकत नसावी.

चौथा अपवाद, म्हणजे पूर्वयोजनेशिवाय उसळलेले भांडण, यात प्रत्यक्ष खटल्यांची संख्या मोठी असली तरी विवेचनाला फारसे काही नाही. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, गुरे शेतात शिरल्यावरून वाद होतो. हाती असलेली काठी किंवा कुऱ्हाड चालते. न्यायालय पाहते ते हत्यार बरोबर आणले होते की तेथेच उचलले, घाव मर्मावर होता काय, त्यात जोर किती, घाव एक की अनेक, जुने वैर होते काय, आणि मारणाऱ्याने परिस्थितीचा गैरफायदा घेतला काय. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या खुणांची एक यादीच दिली. एकच घाव म्हणजे उद्देश नव्हता, असा मात्र नियम नाही.

आता दुसरे दार. दोषसिद्धी झाल्यावर वकील उठतो आणि सांगतो: आरोपी तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरात तोच एकटा कमावता, म्हातारे आईबाप, लहान मुले, खटला अनेक वर्षे चालला. देशातल्या कोणत्याही सत्र न्यायालयात कोणत्याही भाषेत हीच वाक्ये जवळजवळ याच क्रमाने ऐकू येतात. लोककथेच्या अभ्यासकाने त्यांना सूत्रबद्ध पदावली म्हटले असते. सूत्र खोटे असते असे नाही. बहुतेक वेळा ते खरेच असते. परंतु सर्वांना तेच लागू पडत असल्याने ते कोणा एकाविषयी काही सांगत नाही. १९८० च्या बच्चन सिंग निकालात ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी सुचविलेली सौम्यकारी परिस्थितीची यादी न्यायालयाने ग्राह्य मानली: तीव्र मानसिक अस्वस्थता, वय, सुधारण्याची शक्यता, समाजाला पुढे धोका नसणे, दुसऱ्याच्या दडपणाखाली केलेले कृत्य, आपण नैतिकदृष्ट्या योग्य केले ही समजूत, मानसिक विकलता. २०२२ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात आणखी पुढे जाऊन आरोपीचा सामाजिक व कौटुंबिक इतिहास आणि मानसिक अहवाल मागविण्याचे निर्देश दिले गेले. पण हे सारे मृत्युदंडाच्या प्रकरणांसाठी. ज्याला फाशीची भीती आहे त्याचे चरित्र न्यायालय मागवून घेते. ज्याची शिक्षा एक वर्ष आणि दहा वर्षे यांच्यामध्ये हेलकावते त्याच्या वाट्याला वरची चार वाक्येच येतात.

परिणाम काय होतो ते २०१२ या एकाच वर्षातील दोन निकाल शेजारी ठेवून पाहावे. मुंबईत कार्टर रस्त्यावर २००६ साली मद्यधुंद अवस्थेतील तरुणाच्या मोटारीने पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा बळी घेतला. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षे दिली. सर्वोच्च न्यायालयात तरुण वय, कुटुंबाची जबाबदारी आणि भरलेली नुकसानभरपाई पुढे केली गेली. न्यायालयाने शिक्षा कमी करण्यास नकार दिला, उलट ती अपुरी आहे, पण शासनाने अपील केलेले नसल्याने वाढविता येत नाही, असे म्हटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीतील १९९९ च्या मोटार अपघाताचा निकाल लागला. तेथे सहाजण मेले होते. कलम तेच, भाग तोच. पण सुमारे दोन वर्षांची आधी भोगलेली शिक्षा पुरेशी मानून, अपघातग्रस्तांसाठी पन्नास लाख रुपये भरण्यास व दोन वर्षे समाजसेवा करण्यास सांगण्यात आले. एका ठिकाणी पैशाने वजन कमी झाले नाही, दुसऱ्या ठिकाणी पैसा पारड्यात पडला. मेलेल्यांचे चरित्र दोन्ही सुनावण्यांत कोणी सांगितले नाही. सौम्यकारी परिस्थितीचे कथन स्वभावतःच जिवंत राहिलेल्याचे असते.

याज्ञवल्क्य आणि मनू यांनी दंड ठरविताना अपराधाबरोबर देश, काल, सामर्थ्य, वय, वित्त यांचा विचार करावा असे म्हटले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील व्यवहारविषयक खंडात ही सामग्री विस्ताराने मिळते. त्यावरून आपल्या परंपरेत शिक्षेचे व्यक्तिसापेक्ष माप पूर्वीच होते, असे अभिमानाने सांगण्याची प्रथा आहे. त्याच ग्रंथांत वर्णानुसार दंड बदलतो हे सांगायचे मात्र राहून जाते. माप व्यक्तीचे घ्यायचे म्हटले की ते तिच्या स्थानाचे घेतले जाण्याची वाट लगेच उघडते. मेकॉलेचा रजपूत आणि नाणावटीचा ‘समान स्तरातील समंजस माणूस’ यांच्या मुळाशी हीच अडचण आहे.

इंग्लंडने या अडचणीवर तक्त्याचा उपाय केला. १ नोव्हेंबर २०१८ पासून तेथे अशा वधासाठी शिक्षानिर्धारणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. बेकायदा कृत्यातून झालेल्या वधात दोषाच्या चार श्रेणी असून प्रारंभीचे आकडे अठरा, बारा, सहा आणि दोन वर्षे असे आहेत. तेथून परिस्थितीनुसार वरखाली जायचे, आणि एकदा श्रेणी ठरविताना मोजलेली गोष्ट पुन्हा मोजायची नाही. आपल्याकडे २००३ मध्ये मलिमठ समितीने आणि त्यानंतर काही वर्षांनी माधव मेनन समितीने अशा तत्त्वांची शिफारस केली; २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचा अभाव नोंदविला. तक्ता झाला नाही. त्यामुळे ज्या प्रक्षोभाने अपराध खुनावरून खाली आला, तोच प्रक्षोभ शिक्षा कमी करताना पुन्हा मोजावा की नाही, याचे ठरलेले उत्तर आपल्याकडे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मोजावा, कारण अपवादाच्या उंबरठ्याशी कसाबसा पोहोचलेला प्रक्षोभ आणि तो कितीतरी मागे टाकणारा प्रक्षोभ यांत फरक उरतोच. मात्र निकालपत्रात तसे स्पष्ट लिहावे.

नव्या न्याय संहितेने अपवादांची भाषा बदललेली नाही. ‘गंभीर’ आणि ‘अचानक’ हे शब्द तेथेच आहेत; सातत्यपूर्ण प्रक्षोभाचा समावेश करण्याची संधी होती, ती घेतली गेली नाही. बदलले ते शिक्षेचे कलम. १०५ व्या कलमाच्या पहिल्या भागात आता जन्मठेपेला पर्याय म्हणून किमान पाच वर्षांचा कारावास आहे. विहिरीत मुलांसह उडी घेणाऱ्या स्त्रीचा उद्देश नाकारता येत नाही, म्हणून तिचे प्रकरण याच भागात पडते. १ जुलै २०२४ च्या आधीचे कृत्य असेल तर न्यायाधीश तिला काही महिन्यांत, प्रसंगी भोगलेल्या शिक्षेवर सोडू शकतो. त्यानंतरचे असेल तर तिची सारी हकीकत ऐकून, ती सर्वस्वी पटूनही, पाच वर्षांच्या खाली त्याला येता येत नाही.